अपडेटला उगाच दोष देऊन राहिलो होतो

एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे कूलर लावायचा आठवडा. वाळ्याच्या नवीन ताट्या आणायच्या, टाकी घासायची, पंप पाणी चढवून राहिला की नाही ते बघायचं, आणि हे सगळं ऊन चढायच्या आत. २०२५ च्या एप्रिलातल्या त्या रविवारी मी आणि बाबा बाल्कनीत ताट्या बसवून राहिलो होतो आणि आतून बायकोचा आवाज आला, "अरे, हा माऊस काऊन अटकून राहिला?" मी म्हटलं वायरलेस आहे, सेल गेला असेल, बदलून बघ. दोन मिनिटांनी ती स्वतःच बाहेर आली. म्हणाली, माऊस नाही, सगळंच अटकून राहिलं आहे, विंडो सरकवली तर मागून मागून येते, आणि सीपीयूचा पंखा एवढा ओरडून राहिला की मला भीती वाटून राहिली.

थोडं सांगतो म्हणजे कळेल. बायको घरून लग्नपत्रिका डिझाइन करते, इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामवर. फाइल तयार झाली की नागपुरातल्या गांधीबागेतल्या एका प्रेसवर जाते. डेस्कटॉप माझा जुना, इंटेलचा आठव्या जनरेशनचा आय फाइव्ह, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्यावर विंडोजच्या ऐवजी लिनक्स मिंट, आणि त्याचा सिनॅमन नावाचा डेस्कटॉप. आणि त्या रविवारी तिच्याकडे अक्षय्य तृतीयेच्या लग्नाची पत्रिका होती, सोमवारी सकाळी अकराच्या आत फाइल प्रेसवर पाहिजे होती, कारण तारीख हलत नाही. शनिवारी रात्री अपडेट मॅनेजरमध्ये बरेच दिवसांपासून साचलेले अपडेट मीच लावले होते आणि मशीन बंद करून झोपलो होतो. म्हणजे हे जे काही झालं ते माझ्या हातून झालं, एवढं तर तेव्हाच कळलं होतं.

हात धुवून बसलो. लॉगिन होत होतं, वॉलपेपर येत होता, आणि कोपऱ्यात सिनॅमनची सूचना, की डेस्कटॉप सध्या सॉफ्टवेअर रेंडरिंगमध्ये चालू आहे, हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन नाही. ज्यांनी ही सूचना कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी, याचा अर्थ असा की स्क्रीनवर जे जे दिसतं, विंडोची सावली, मेनूचं उघडणं, सगळं काही ग्राफिक्स चिपने करायच्या ऐवजी बिचारा प्रोसेसर स्वतः आकडेमोड करून रंगवून राहिला आहे. हे करणाऱ्या भागाचं नाव एलएलव्हीएमपाइप, आणि तो मिळतील तेवढे सगळे कोर वापरतो, म्हणून पंखा ओरडतो. बाहेर पारा चाळीसकडे चाललेला, कूलर अजून लागलेला नाही, आणि खोलीत हे एक वेगळंच तापून राहिलेलं.

बाबा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "कायले डोकं लावून राहिला? बुलडीवर दुकानात नेऊन दे, फॉरमॅट मारून देतील दोन तासांत." मेहुण्याला फोन केला तर तोही तेच, "भाऊजी, रिइन्स्टॉल करा ना, अर्धा तास लागते." हा सल्ला वाईट नाही हे मी आधीच कबूल करतो, आणि पुढे कळेल की फॉरमॅटने खरंच मशीन सुरू झालं असतं. पण मला हा सल्ला आवडत नाही. फॉरमॅटमध्ये बिघाड जातो आणि त्याच्याबरोबर बिघाडाचं कारणही जातं, आणि कारण माहीत नसलं की तोच माणूस तेच परत करतो.

पण आधी तिचं काम. इंकस्केप स्वतःचं चित्र कैरो नावाच्या लायब्ररीने (लायब्ररी म्हणजे बरेच प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड) प्रोसेसरवरच काढतं, त्याला ग्राफिक्स चिप फारशी लागत नाही, त्रास होता तो सिनॅमनच्या सजावटीचा. म्हणून एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला, लॉगिनच्या वेळी ते सेशन निवडलं, त्यातलं कंपोझिटर, म्हणजे विंडोंची सजावट करणारा भाग, बंद केलं. दिसायला साधं, पण माऊस पळायला लागला. ती कामाला बसली. दिवसभर मशीन तिचं, रात्री माझं, असं ठरलं.

रात्री जेवणं झाल्यावर बसलो. पहिला संशय कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यावर, कारण शनिवारी कर्नलही अपडेट झालं होतं. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत जाऊन आधीचं कर्नल निवडलं, बूट केलं, सिनॅमनमध्ये गेलो, तीच सूचना. मग एलएसपीसीआय या हार्डवेअरची यादी देणाऱ्या कमांडने बघितलं तर ग्राफिक्स चिपपुढे आय नाइन वन फाइव्ह हे ड्रायव्हर नीट लागलेलं, डेव्ह फोल्डरमधल्या डीआरआयमध्ये कार्डही दिसून राहिलं, रेंडर नोडही. म्हणजे खालचा मजला शाबूत. मेसा युटिल्समधलं जीएलएक्सइन्फो चालवलं, चित्र कोण रंगवून राहिलं ते ही कमांड सांगते, तिथे रेंडररच्या ओळीत इंटेलचं नाव यायला पाहिजे होतं, आलं एलएलव्हीएमपाइप. मग पॅकेजं लावणाऱ्या एपीटीचा हिस्टरी लॉग उघडला. मला हा लॉग फार आवडतो, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं पॅकेज कोणत्या आवृत्तीवरून कोणत्यावर गेलं, सगळं एका जागी लिहिलेलं असतं, आणि बिघाडाच्या वेळी सगळ्यात आधी इथे यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे दिसलं, मेसा २४.० वरून २४.२.८ वर गेलेलं.

मेसा म्हणजे काय हे बायकोने पण विचारलं होतं, तिला जे सांगितलं तेच इथे सांगतो. ब्रायन पॉल नावाच्या माणसाने १९९३ मध्ये एकट्याने सुरू केलेलं काम, तेव्हा फक्त थ्रीडी चित्रासाठीच्या ओपनजीएलसारखी एक लायब्ररी लिहायची होती, १९९५ मध्ये त्याने ती लोकांना दिली, आणि आज लिनक्सवर इंटेल आणि एएमडीच्या चिपवर जे काही थ्रीडी दिसतं ते बहुतेक याच्यातून जातं. कर्नलमधलं ड्रायव्हर चिपशी बोलतं, पण "हा त्रिकोण असा रंगव" हे चिपच्या भाषेत लिहून देणारा मेसा. आवृत्तीचा पहिला आकडा म्हणजे वर्ष, २०१७ पासून तशी पद्धत आहे, आणि साधारण दर तीन महिन्यांनी नवीन येते. माझ्या चिपसाठीच्या त्यातल्या ड्रायव्हरचं नाव आयरिस.

तर मेसाची सगळी पॅकेजं परत इन्स्टॉल केली, एकूण एक. रिस्टार्ट. काही फरक नाही. साडेबारा वाजून गेले होते, तिने सकाळी सहाला उठून शेवटचं प्रूफ बघायचं होतं, म्हणून टाइमशिफ्ट उघडलं आणि शुक्रवारचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या दिवशी सिस्टीम जशी होती तिची साठवलेली प्रत, परत लावला. टाइमशिफ्ट होम फोल्डरला हात लावत नाही, त्यामुळे पत्रिकेची फाइल सुरक्षित. रिस्टार्ट केलं आणि सगळं पहिल्यासारखं. पंखा शांत. मी झोपायला गेलो तेव्हा मनात एकच, अपडेटमध्येच काहीतरी घाण आहे, आता मेसाला होल्डवर टाकायचं, म्हणजे त्याचे अपडेटच थांबवायचे, आणि विसरून जायचं.

सोमवारी फाइल वेळेत गेली, प्रेसवाल्यांचा फोन आला की फॉण्ट बरोबर आले, जोडाक्षरं तुटली नाहीत. संध्याकाळी मी मन घट्ट करून तेच अपडेट परत लावलं, या वेळी फक्त मेसाचं, बाकी काही नाही. रिस्टार्ट. परत तीच सूचना, परत पंखा. म्हणजे कर्नल वगैरे सुटलं, मेसाच.

इथे थांबलो असतो तर कहाणी "खराब अपडेट" म्हणून संपली असती आणि मी पुढची दोन वर्षं जुन्या मेसावर बसलो असतो. पण एक गोष्ट मनाला पटत नव्हती. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, आणि हे अपडेट त्या सगळ्यांना गेलेलं, आठव्या जनरेशनचं इंटेल म्हणजे काही दुर्मिळ गोष्ट नाही, सगळ्यांचं बिघडलं असतं तर बोंब झाली असती. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर सरळ मेहुण्याकडे गेलो, मानेवाड्याला. त्याच्या लॅपटॉपवर मिंट २२ मीच टाकून दिलं होतं. जीएलएक्सइन्फो चालवलं, मेसा २४.२.८, रेंडरर इंटेल, अ‍ॅक्सलरेटेड हो. अगदी तेच पॅकेज, आवृत्तीचा शेवटचा आकडाही तोच. तो चहा घेऊन आला तर मी त्याच्या लॅपटॉपकडे बघत बसलेलो. तो म्हणाला, "काय झालं भाऊजी, माझा पण बिघडला का?" मी म्हटलं नाही रे, तुझा चांगला आहे, आणि म्हणूनच मला घरी जायचं आहे. आता प्रश्न बदलला होता. अपडेटमध्ये काय आहे हे सोडून माझ्या मशीनमध्ये असं काय आहे जे याच्यात नाही, हे शोधायचं होतं.

घरी येऊन जे रविवारीच करायला पाहिजे होतं ते केलं, एक्सऑर्गचा, म्हणजे स्क्रीनवर सगळं दाखवणाऱ्या एक्स सर्व्हरचा, लॉग वरपासून खालपर्यंत वाचला. घाईत मी फक्त एररच्या ओळी चाळल्या होत्या आणि एक ओळ बघूनही पुढे गेलो होतो, ग्लॅमर इनिशियलायझेशन फेल्ड. ग्लॅमर म्हणजे एक्स सर्व्हरचा तो भाग जो साधं टूडी चित्र पण ग्राफिक्स चिपकडून करून घेतो. तो उठला नाही की चिपपर्यंत जायचा रस्ताच बंद, मग वरचे सगळे एलएलव्हीएमपाइपवर येतात. मेसा बरोबर, कर्नल बरोबर, आणि मधला हा एक दुवा तुटलेला. मग ग्लॅमरच्या मॉड्यूलवर एलडीडी चालवलं. एलडीडी सांगतं की या फाइलला कोणकोणत्या लायब्ररी लागतात आणि त्या नक्की कुठून उचलल्या जाऊन राहिल्या. सगळ्या ओळी यूएसआर लिबमधल्या किंवा लिबमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या फोल्डरांतल्या, आणि एकच ओळ वेगळी. लिबजीबीएम, मेसाचीच एक लायब्ररी, यूएसआर लोकल लिबमधून, म्हणजे हाताने टाकलेल्या गोष्टींच्या जागेतून.

मी ती ओळ तीनदा वाचली. अंगावर काटा आला, खरंच.

पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीला विचारलं ही फाइल कोणत्या पॅकेजची, उत्तर आलं, कोणत्याच नाही. फाइलची तारीख बघितली, मार्च २०२३. आणि मग सगळं आठवलं. तेव्हा मिंट २१ होतं, मी ब्लेंडर हा थ्रीडीचा प्रोग्राम शिकून राहिलो होतो आणि व्ह्यूपोर्टमध्ये काहीतरी चमकायचं, कुठेतरी वाचलं की नवीन मेसात ते बरोबर झालं आहे, म्हणून मेसा २३.० चा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून स्वतः बिल्ड केला होता. रात्रभर चाललं होतं ते. मेसॉन या साधनाने बिल्ड केलं आणि तुम्ही प्रीफिक्स, म्हणजे कुठे टाकायचं ते फोल्डर, सांगितला नाही तर ते सगळं यूएसआर लोकलमध्ये जातं, मी सांगितला नव्हता. नंतर काही जमलं नाही म्हणून काढून टाकलं, पण बिल्डचं फोल्डर आधीच उडवलं होतं त्यामुळे नीट अनइन्स्टॉल करता आलं नाही, हाताने एक एक फाइल काढली. लिबजीएल काढली, लिबईजीएल काढली, ड्रायव्हरचं डीआरआय फोल्डर काढलं. मग स्क्रीन काळी झाली होती, तर घाबरून डीआरआयच्या जागी सिस्टीमच्या डीआरआय फोल्डरकडे जाणारी एक सिमलिंक, म्हणजे शॉर्टकटसारखी वाट, टाकली होती, आणि स्क्रीन परत आली म्हणून तिथेच सोडून दिलं. तेव्हा हे विचारलंच नाही की सिमलिंक टाकल्याने काऊन सुरू झालं. सुरू झालं कारण लिबजीबीएम तिथेच राहिली होती आणि ती आपले ड्रायव्हर लोकलच्याच फोल्डरमध्ये शोधत होती.

आता बघा हे कसं घडलं, कारण मला यातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एखादा प्रोग्राम सुरू होताना म्हणतो मला लिबजीबीएम पाहिजे, आणि लोडर, म्हणजे लायब्ररी शोधून देणारा सिस्टीमचा भाग, एका ठरलेल्या क्रमाने फोल्डर बघतो, उबुंटूवर त्या क्रमात यूएसआर लोकल आधी येतं. एकाच वाड्यात एकाच नावाचे दोघं राहत असले तर पोस्टमन पहिल्या दारात पत्र टाकून निघून जातो, तसं. तर गेली दोन वर्षं माझा एक्स सर्व्हर माझीच २३.० वाली लिबजीबीएम वापरत होता आणि ती सिमलिंकवरून सिस्टीमचे नवीन ड्रायव्हर उचलत होती. मिंट २१ वरून २२ वर गेलो, २०२४ मध्ये, तेही जागच्या जागी, फॉरमॅट न करता, आणि ती फाइल तशीच राहिली, कारण यूएसआर लोकल ही जागा मशीनच्या मालकाची, पॅकेज मॅनेजर तिथे हात लावत नाही, लावू पण नये. म्हणूनच मी मेसाची सगळी पॅकेजं परत टाकली तरी फरक पडला नाही. मी एक खोली झाडून राहिलो होतो आणि कचरा शेजारच्या खोलीत होता.

मग २४.२ नेच काऊन मोडलं? कारण लिबजीबीएम आणि आयरिससारखे ड्रायव्हर यांच्यातली बोलणी हा मेसाचा घरगुती मामला आहे. दोन्ही एकाच आवृत्तीचे असतील असं ते धरून चालतात. २४.० पर्यंत ती बोली जुन्या लिबजीबीएमला कळत होती. २४.२ मध्ये त्यांनी घराची रचनाच बदलली, ड्रायव्हरांचा खरा ऐवज लिबगॅलियम नावाच्या एका लायब्ररीत गेला, नवीन लिबजीबीएम थेट तिच्याशी जोडलेली असते, आणि डीआरआय फोल्डरमध्ये आयरिसच्या नावाने जी फाइल उरली ती जवळपास रिकामी, एक्स सर्व्हरची जुनी विचारपूस भागवण्यापुरती. माझी म्हातारी लिबजीबीएम त्या फोल्डरमध्ये गेली, आयरिस उघडलं, आत ड्रायव्हर नाही. ती परत आली, ग्लॅमर पडला, प्रोसेसर तापायला लागला. मेसावाल्यांनी काहीच चूक केली नव्हती. मेहुण्याच्या लॅपटॉपवर दोन्ही टोकं एकाच आवृत्तीची होती म्हणून तिथे पानही हललं नाही.

दुरुस्ती पाच मिनिटांची. फाइल डिलीट केली नाही, होममध्ये एक फोल्डर करून लिबजीबीएमच्या त्या तीन फाइली आणि ती सिमलिंक तिथे हलवल्या, एलडीकॉन्फिग चालवलं म्हणजे लोडरची यादी नव्याने तयार होते, परत एलडीडीने बघितलं, आता यूएसआर लिबमधली लिबजीबीएम. रिस्टार्ट केलं. लॉगिन. सूचना नाही. जीएलएक्सइन्फोमध्ये मेसा इंटेल यूएचडी ग्राफिक्स ६३०. रात्रीचे साडेअकरा, खोलीत फक्त कूलरचा आवाज. बायको झोपेत म्हणाली, "झालं का?" मी म्हटलं झालं.

जे लोक म्हणतात लिनक्सवर अपडेट लावूच नका, चाललं आहे ते चालू द्या, त्यांच्याशी मी आधीही सहमत नव्हतो आणि आता तर अजिबात नाही. होल्डवर टाकलं असतं तर मशीन चाललं असतं, हो, पण ब्राउझरपासून सगळ्यांना लागणारी एक लायब्ररी जुनी राहिली असती, सुरक्षेच्या दुरुस्त्या तिथपर्यंत पोचल्या नसत्या, आणि ती मार्च २०२३ ची फाइल तिथेच बसून पुढच्या मिंटची वाट बघत राहिली असती. तुमच्या मशीनवर असं काही झालं आणि तुम्ही कधीही, कितीही वर्षांपूर्वी, सोर्समधून काही बिल्ड केलं असेल, तर एलडीकॉन्फिगला मायनस पी लावून यादी काढा आणि त्यात लोकल शब्द शोधा. एकच नाव दोनदा दिसलं, एकदा लोकलमध्ये आणि एकदा सिस्टीममध्ये, तर तिथे थांबा आणि नीट बघा. ग्राफिक्सचंच असेल असं नाही, आवाज, प्रिंटर, व्हिडिओ, कुठेही हे होऊ शकतं. आणि सोर्समधून बिल्ड करायचंच असेल, जे करावंच, मी त्यातून खूप शिकलो, तर प्रीफिक्स होममधल्या एखाद्या फोल्डरचा द्या, म्हणजे काढायचं झालं तर एक फोल्डर उडवलं की संपलं.

बुधवारी बाबांना सगळं सांगितलं, तर्री पोहे खाता खाता. ते तीस वर्षं वीज खात्यात होते, लोडर आणि लायब्ररी त्यांना माहीत नाही, पण त्यांनी लगेच पकडलं. म्हणाले, म्हणजे जुनी वायर कापून टाकायच्या ऐवजी तू टेप लावून भिंतीत सोडून दिली होती. मी म्हटलं हो बाबा, तसंच. ते काही बोलले नाहीत, पोह्यांवर अजून थोडी तर्री घेतली.

त्या दिवशी संध्याकाळी यूएसआर लोकल पूर्ण चाळलं. अजून एक जुनी लायब्ररी निघाली, त्याच रात्रीची, त्याच बिल्डची. ती पण त्याच फोल्डरमध्ये हलवली, रिस्टार्ट करून बघितलं, सगळं ठीक. मग अपडेट मॅनेजर उघडलं तर शनिवारचे बाकीचे सगळे अपडेट, कर्नलसकट, वाट बघत होते. बायको मुंजीच्या पत्रिकेवर बसली होती, म्हणाली, "ही प्रेसला जाऊ दे, मग लाव." मी म्हटलं बरं, आणि अपडेट मॅनेजर बंद केलं.